काट्यावरचे वजन आणि पाठीवरचे वजन



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘चित्रकार सूझा यांची नगरचित्रे’ असे सांगितले. चालक क्षणभर थांबले. मग अतिशय सभ्यपणे म्हणाले, “आम्हांला वाटले होते, तुम्ही किमान वेतनावर बोलाल.” त्यांचे काही चुकले नाही. हमाल-मापाड्यांच्या संघटनेत ज्याची उमर गेली, त्याने चित्रकलेवर बोलावे, ही गोष्ट मोंढ्यातल्या मापाड्याने नाडीपरीक्षा करण्यासारखीच आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते आधी लातूरच्या व नंतर नांदेडच्या वाचनालयांतून, काम आटोपल्यावर. चित्रकलेचे शास्त्र आम्हांस येत नाही. तेव्हा आज आपल्यापुढे जे मांडणार आहोत ते एका पाहणाऱ्याचे म्हणणे आहे, जाणकाराचे नव्हे. शिवाय त्यात आमची एक कबुली आहे. ती शेवटी देऊ.

आरंभ आमच्या धंद्यातल्या एका गोष्टीने करतो. क्विंटलचे पोते काट्यावर घातले की काटा शंभर किलो दाखवतो. सकाळी सात वाजता दाखवतो आणि संध्याकाळी सात वाजताही तेवढेच दाखवतो. मापाडी ते वहीत मांडतो, अडत्या त्याप्रमाणे पैसे मोजतो आणि व्यवहार पुरा होतो. पण ज्या पाठीने दिवसभर पोती वाहिली त्या पाठीला विचारा. सकाळचे पहिले पोते आणि संध्याकाळचे शेवटचे पोते यांचे वजन एक नसते. थप्पीचा दहावा थर लावताना फळीवर पाय थरथरू लागतो, तेव्हा ते पोते शंभर किलोचे राहिलेले नसते. काटा खोटे बोलत नाही. पण पाठही खोटे बोलत नाही. दोन्ही वजने खरीच आहेत. संघटनेचे सारे काम म्हणजे पाठीवरचे वजन काट्याच्या भाषेत लिहून काढणे, म्हणजे मग ते कचेरीत समजते.

चित्रकलेतही असेच आहे, असे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. काही चित्रकार वस्तूचे काट्यावरचे वजन देतात. घर जसे दिसते तसे, भिंत सरळ तर सरळ, आभाळ निळे तर निळे. ते काम सोपे नाही आणि त्याला आम्ही कमी लेखीत नाही. पण काही चित्रकार पाठीवरचे वजन देतात. त्या घराचा भार त्यांच्या मनावर जसा पडला तसा ते रंगवतात. या दुसऱ्या रीतीला पंडित मंडळी अभिव्यक्तिवाद म्हणतात. नाव जड आहे. गोष्ट मात्र पाठ असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नांदेडातील एका वाचनालयात चित्रांचे एक मोठे पुस्तक चाळताना फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे एक नगरचित्र आमच्या पाहण्यात आले. इंग्लंडात राहत असताना काढलेल्या त्यांच्या चित्रांपैकी ते होते. घरे एकमेकांवर रेलली होती. त्यांच्या कडा काळ्या आणि जाड, कुंचल्याने नव्हे तर पहारीने ओढाव्या तशा. खिडक्या म्हणजे नुसते काळे चौकोन. मध्येच एक मनोरा, तोही ओळंब्यात नाही. छपरांना असा लालभडक रंग की घरे जळताहेत की रंगवलेली आहेत ते कळू नये. आभाळ तर शहाबादी फरशी फोडून ठेवावी तसे तुकड्यातुकड्यांचे. आणि एवढ्या शहरात माणूस नाही. कुत्रेसुद्धा नाही.

आम्ही खरे तेच सांगतो, पहिल्यांदा आम्हांला राग आला. ओळंबा न लावता बांधलेल्या भिंतीचे पैसे गवंड्याला कोणी देत नाही, मग चित्रकाराला का द्यावे? आणि दुसरा प्रश्न आमच्या पेशाचा होता: या चित्रात माणूस कुठे आहे? ज्याने ही घरे बांधली तो कुठे आहे? हा प्रश्न आम्ही पूर्वीही एकदा एका माणसाला विचारला होता. त्याची हकीकत कबुलीच्या वेळी येईलच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लातूरने दिले. लातूरची मंडळी आज येथे आहेत, त्यांना २०१६ चा उन्हाळा आठवत असेल. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत लातूरचे चित्र काढायला कोणी बसला असता, तर त्याने पाण्याची टाकी किती मोठी काढावी? फूटपट्टी लावली तर टाकी गंजगोलाईपेक्षा मोठी निघणार नाही. पण रात्री दोन वाजता घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा. तिच्या शहरात त्या टाकीएवढे मोठे दुसरे काहीच नव्हते. गोलाईला मिळणारे सोळा रस्ते तिच्या लेखी एकाच ठिकाणी जात होते. तेव्हा तिच्या नजरेने लातूर रंगवणाऱ्याने टाकी आभाळाला भिडवली आणि सगळी गोलाई तिच्या सावलीत बसवली, तर त्याने खोटे चित्र काढले असे आपण म्हणाल काय? आम्ही म्हणणार नाही. त्याने पाठीवरचे वजन दिले, एवढेच म्हणू.

आता हे सूझा कोण, ते सांगितले पाहिजे. यांचा जन्म १९२४ सालच्या एप्रिलमध्ये गोव्यातील साळगाव येथे झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते. वडील शिक्षक, ते मूल तान्हे असतानाच वारले. आई मुलाला घेऊन मुंबईस आली आणि शिवणकामावर तिने त्याला वाढवले. लहानपणी मुलाला देवी आल्या. आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला की पोर वाचले तर त्याला धर्मगुरू करीन. पोर वाचले, फ्रान्सिस हे नाव त्या नवसाचे. धर्मगुरू मात्र तो झाला नाही. शाळेतून काढून टाकला गेला. पुढे सर जे. जे. कलाशाळेत गेला आणि ‘चले जाव’च्या चळवळीत भाग घेतला म्हणून १९४५ साली तेथूनही काढला गेला. अशा माणसाविषयी आम्हां चळवळीच्या लोकांना आपोआपच आपुलकी वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

१९४७ साली सूझांनी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप नावाचे मंडळ काढले. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे अशी सहा माणसे. यांतले कृष्णाजी हौळाजी आरा मूळचे सिकंदराबादेजवळच्या बोलारमचे, म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले. लहानपणी मुंबईस पळून आले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या आणि रंगवायला शिकले. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. तेव्हा आधुनिक चित्रकला म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली गंमत, असे आमचे काही मित्र म्हणतात, त्यांनी या सहा माणसांचा पूर्वेतिहास एकदा वाचावा.

त्या सुमारास सूझा कम्युनिस्ट पक्षातही होते. गरिबांची, मजुरांची चित्रे त्यांनी काढली आणि ती कामगारांच्या वस्त्यांतून दाखवलीही गेली. हा संसार फार दिवस टिकला नाही. का टिकला नाही ते पुढे सांगू, कारण आमच्या बोलण्याचे खरे टोक तेथेच आहे. १९४९ साली त्यांच्या चित्रांतील नग्नतेवरून मुंबईत पोलिसांपर्यंत प्रकरण गेले आणि त्याच वर्षी ते लंडनला निघून गेले. तेथे पहिली काही वर्षे हालाखीत गेली. १९५५ साली तिथल्या एका नामांकित मासिकात त्यांचा आत्मचरित्रपर लेख आला, त्याच वर्षी गॅलरी वन या चित्रगृहात प्रदर्शन भरले, चित्रे खपली आणि नाव झाले. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. २००२ च्या मार्चमध्ये मुंबईत वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

लंडनच्या या वर्षांत त्यांनी अनेक नगरचित्रे काढली. त्यांतली काळी जाड रेषा आली कोठून? गोव्यातील मोठाली चर्चे आणि तिथले पूजाविधी यांचा आपल्या मनावर बालपणी खोल ठसा उमटला, असे सूझांनीच लिहून ठेवले आहे. चर्चच्या खिडक्यांतून रंगीत काचांची चित्रे असतात, ती आपण पाहिली असतील. काचेचे लाल, निळे, पिवळे तुकडे शिशाच्या काळ्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. पट्टी काढली तर चित्रच गळून पडेल. सूझांच्या शहरातली काळी रेषा आम्हांला या शिशाच्या पट्टीसारखी वाटते. ती घराची कड दाखवण्यापुरती नाही. ती घराला धरून ठेवते आहे, आणि धरता धरता तिचे हात भरून आले आहेत.

अशी चित्रे काढणारे सूझा काही पहिले नव्हत. १९०५ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे वास्तुविद्या शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी ‘पूल’ या अर्थाचे नाव घेऊन एक मंडळ काढले आणि तेथून या रीतीला जोर आला. ज्यांना घरे सरळ बांधायला शिकवले जात होते त्यांनीच ती वाकडी काढली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांना ओळंबा येत नव्हता असे नाही. त्याच पिढीत लुडविग मायड्नर नावाचा चित्रकार झाला. पोरवयात त्याला गवंडीकाम शिकायला ठेवले होते. त्याने १९१२-१३ च्या सुमारास अशी शहरे रंगवली की घरे कोसळताहेत, आभाळ फाटते आहे, माणसे रस्त्याने धावताहेत. पाहणाऱ्यांना ते वेड वाटले असेल. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. नाझी सत्तेवर आले तेव्हा त्यांना ही चित्रे सोसली नाहीत. १९३७ साली त्यांनी म्युनिकमध्ये अशा चित्रांचे ‘भ्रष्ट कला’ म्हणून प्रदर्शन मांडले, लोकांनी येऊन हसावे यासाठी. मायड्नर ज्यू होता. तो १९३९ साली इंग्लंडला आश्रयास गेला आणि १९५३ पर्यंत तेथे होता. म्हणजे सूझा लंडनला उतरले तेव्हा कोसळती शहरे रंगवणारा हा म्हातारा गवंडीही त्याच देशात दिवस काढीत होता.

येथवर जे सांगितले ते पुस्तकातले. आता जे सांगणार ते पुस्तकातले नाही. सूझांच्या चित्राकडे पहिल्यांदा पाहताना आम्हांला राग आला असे म्हटले. पण पुस्तक मिटवता आले नाही. ती घरे आपण कोठेतरी पाहिली आहेत असे वाटत राहिले. रात्री घरी जाताना आठवले, की किल्लारीस पाहिली आहेत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. पहाटे चारच्या आत धरणी हलली. आम्ही तेव्हा लातुरात हमाली करीत होतो, वय तेविशीचे. मोंढ्यातून ट्रक निघाला त्यात चढलो, हातात टिकाव-फावडे. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावे अक्षरशः भुईसपाट झाली होती. अधिकृत हिशेबाने जवळपास आठ हजार माणसे गेली. ती माणसे भूकंपाने मेली असे म्हणतात. आम्ही ढिगारे उपसले आहेत. ती घराने मेली. दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, आत चिखल, आणि डोक्यावर माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा थर घालायचा. बापाने घातला, त्याच्या बापाने घातला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या काळजीचे ते ओझे एका क्षणात खाली आले. जे घर सांभाळीत होते त्याच घराने मारले.

तेथे एका वाड्याची चौकट तेवढी उभी होती. भिंत नव्हती, छप्पर नव्हते. दारे लावलेली होती आणि आतून कडी घातलेली होती. आमच्याबरोबरचा एक वयस्कर हमाल त्या दाराला वळसा घालून आत गेला नाही. तो दारासमोर उभा राहिला आणि त्याने कडी वाजवली.

त्यानंतर कितीतरी महिने आम्हांला कोणतीही भिंत सरळ दिसत नव्हती. लातुरातली घरे धडधाकट होती. काटा लावला असता तर ती सरळच निघाली असती. पण निजताना आम्ही भिंतीपासून दूर निजत होतो. अनेक लोक अंगणात निजत. त्या दिवसांत आम्हांला रंग आणि कुंचला देऊन कोणी म्हटले असते, “लातूरचे चित्र काढ,” तर आम्ही सूझांसारखेच काढले असते. हात चालला नसता, एवढाच फरक.

सूझांनी भूकंप रंगवला असे आम्ही म्हणत नाही. लंडनला भूकंप झाला नव्हता. त्यांच्या आत काय हलले होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण भक्कम शहरात राहूनही पायाखाली जमीन नसल्यासारखे वाटणे म्हणजे काय, हे ते चित्र जाणते. ते ज्याला कधी वाटलेच नाही त्याने त्या चित्राला वेडे म्हणावे. आमची हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न. माणूस कुठे आहे?

त्याचे एक उत्तर असे सुचते. परक्या शहरात नवखा माणूस उतरतो तेव्हा त्याला पहिल्यांदा माणसे दिसत नाहीत, दारे दिसतात. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडात कामासाठी गेलेल्या काळ्या-सावळ्या लोकांना भाड्याची खोली मिळणे कठीण असे. काही घरांवर तर तसे फलकच असत. घरे देताना वर्णावरून भेद करू नये असा कायदा तेथे १९६८ मध्ये झाला. सूझांना स्वतःला कोणते दार बंद मिळाले ते आम्ही सांगत नाही. पण त्या काळच्या लंडनच्या चित्रात खिडक्या काळ्या आणि दारे बंद असावीत, याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही.

आणि लंडन कशाला? आपल्या गावात भाड्याने खोली शोधणाऱ्या तरुणाला विचारा. खोली रिकामी असते, भाडे पटलेले असते, चावी हातात यायची बाकी असते. मग घरमालक पाण्याचा तांब्या पुढे करून सहज विचारतो, “आडनाव काय म्हणालात?” आणि आडनाव ऐकल्यावर आठवते, की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे. असे चार वेळा झालेल्या माणसाच्या डोळ्यांनी वजिराबाद किंवा इतवारा पाहा. त्याला घरांना चेहरे दिसतात आणि ते चेहरे त्याच्याकडे पाठ करून असतात. तो जर चित्रकार असता तर त्याने त्या गल्लीत माणसे काढली असती काय?

याच्या उलटही एक रीत आहे. ती न सांगणे अन्यायाचे होईल. सूझा लंडनमध्ये होते त्याच वर्षांत ग्लासगो शहरात जोन अर्डली नावाची एक चित्रकार काम करीत होती. जन्म १९२१ चा. महायुद्धाच्या काळात तिने सुतारकाम केले. पुढे टाउनहेड नावाच्या गजबजलेल्या गरीब वस्तीत तिने आपली रंगशाळा थाटली, एका भंगारवाल्याच्या गोदामाच्या वरती. आपल्याकडच्या चाळींसारखी तिथली घरे, काजळी धरलेली. अर्डलीने ती घरे रंगवली आणि त्या घरांतली पोरे रंगवली. शेजारच्या एका कुटुंबातली बारा भावंडे तिच्याकडे येत-जात; तिच्या कितीतरी चित्रांत तीच आहेत. तिरळ्या डोळ्यांची, मोठ्या भावाचा ढगळ कोट घातलेली, धाकट्याला कडेवर घेतलेली. पोरांनी भिंतीवर खडूने लिहिलेली अक्षरे तिने चित्रात जशीच्या तशी घेतली, वर्तमानपत्राचे तुकडे आणि गोळ्यांचे चकचकीत कागदही चिकटवले. तिच्याही भिंती काही ओळंब्यात नाहीत. पण तिच्या चित्रात भिंत आणि पोर ही वेगळी काढता येत नाहीत. १९६३ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ती कर्करोगाने वारली. त्याच दशकात टाउनहेडची जुनी घरे पाडली गेली, नवे बांधकाम आले, मोठा रस्ता आला. ती वस्ती आज अर्डलीच्या चित्रांत आहे.

आमच्यासारख्या चळवळीच्या माणसाला अर्डली लगेच आवडते. तिच्या चित्रात आपली माणसे आहेत. सूझा आवडायला वेळ लागतो. पण वेळ लागला म्हणून माल खोटा ठरत नाही.

आता ते टोक. सूझांनी पक्ष का सोडला? त्यांनी स्वतःच याविषयी लिहिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की पक्षातले लोक त्यांना असे काढा, तसे काढा म्हणून सांगू लागले, म्हणून ते बाहेर पडले. पुढे जाऊन ते म्हणतात, की खरा कलावंत कंपूसाठीही काढीत नाही आणि कामगारवर्गासाठीही काढीत नाही, तो फक्त स्वतःसाठी काढतो. हे शेवटचे वाक्य आम्हांला आजही पटत नाही. स्वतःपुरतेच काढायचे होते तर त्यांनी ते भिंतीवर टांगले कशाला? पण पहिले वाक्य वाचले तेव्हा आम्ही पुस्तक खाली ठेवले. कारण ‘असे काढा, तसे काढा’ सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

२००३ साली संघटनेच्या कचेरीला स्वतःची जागा मिळाली. समोरची लांब भिंत मोकळी होती. गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. अक्षर मोत्यासारखे. त्याला बोलावले, रोजाने मजुरी ठरवली आणि सांगितले, की हमालावर काहीतरी काढ. मनात आमच्या एक चित्र पक्के होते: वळलेली मूठ, झेंडा, मागे उगवता सूर्य. ते आम्ही त्याला सांगितले नाही, कारण दुसरे काही निघू शकेल असे आमच्या ध्यानातच आले नाही.

चार दिवसांनी पाहायला गेलो. त्याने रात्रीचा मोंढा काढला होता. दुकानांची शटरे खाली. मध्ये टांगलेला काटा, रिकामा. आणि दोन्ही बाजूंना पोत्यांच्या थप्प्या, इतक्या उंच की आढ्यापर्यंत गेलेल्या आणि वरून एकमेकींकडे झुकलेल्या. खाली उभे राहिले की त्या अंगावर येतील असे वाटे. चित्रात माणूस नव्हता.

कार्यकारिणी जमली. आम्हीच सगळ्यांच्या वतीने विचारले, “अरे, यात हमाल कुठे आहे?”

पेंटर म्हणाला, “हे सगळं त्यानंच लावलंय की, भाऊ.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चुना फिरवला. पेंटरने मुकाट्याने मूठ काढली, झेंडा काढला, सूर्यही काढला, सहा किरणांचा. आम्ही ठरल्याप्रमाणे सगळ्या दिवसांची मजुरी दिली, खोडलेल्या चित्राच्या दिवसांचीही दिली, आणि आपण फार न्यायाने वागलो असे समजलो. त्यानंतर तो कचेरीत कधी आला नाही.

वाचनालयात सूझांचे चित्र पाहून आम्ही जो प्रश्न विचारला तो शब्दशः हाच होता, आणि त्याचे उत्तर आम्हांला काही वर्षे आधी एका पाट्या रंगवणाऱ्याने दिलेले होते. शहरात माणूस दिसत नाही म्हणून तो तेथे नाही असे नव्हे. प्रत्येक थर त्याने लावला आहे, प्रत्येक भिंत त्याने उभी केली आहे; आणि शटर खाली आल्यावर तोच तेथे नसतो. हमालाची याहून खरी गोष्ट आम्ही तीस वर्षांच्या भाषणांत सांगितलेली नाही.

आम्ही त्याला शोधायला गेलो. पण मध्यंतरी फ्लेक्स आले होते. यंत्रातून दोन तासांत पाटी छापून निघते, तिला हाताची गरज उरली नाही. गावोगावचे पेंटर असे एकेक करून कामावरून गेले आणि कोणाही संघटनेने, आमच्याही नाही, त्यांच्यासाठी एक निवेदनसुद्धा दिले नाही. हा आमचा माणूस लोखंडी चौकटीवर फ्लेक्स ताणून बसवण्याचे काम करीत होता. आम्ही त्याला झाले ते चुकले असे सांगितले. तो हातातली पक्कड न ठेवता म्हणाला, “भिंत तुमची होती, भाऊ. मजुरी मिळाली होती मला.”

हे वाक्य आम्हांला कोणत्याही मालकाने ऐकवलेल्या वाक्यापेक्षा जड गेले. आयुष्यभर आम्ही मालकांना सांगत आलो, की तुम्ही पैसे देऊन माणसाचे हात कामाला लावता, माणूस विकत घेत नाही. आणि हातात भिंत आल्याबरोबर आम्ही तेच केले. हाताची मजुरी चुकती केली आणि त्याबरोबर डोळेही आपले झाले असे धरून चाललो.

श्रोतेहो, कलावंताला समाजाने काही मागूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मागावे. आपली सुखदुःखे त्याच्यापुढे ठेवावी, त्याला मोंढ्यात न्यावे, मिलच्या बंद फाटकाशी न्यावे, किल्लारीच्या जुन्या गावठाणात न्यावे. पण तेथून तो जे घेऊन येईल ते आपल्या मनातल्या चित्रासारखे नसले, तर चुन्याची बादली आणण्यापूर्वी एक दिवस थांबावे. त्याने आपलेच ओझे मांडलेले असू शकते, आपल्याला ते ओळखू येत नसते इतकेच. सूझांना पक्षातल्या लोकांनी एक दिवस जास्त थांबून पाहिले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. आमच्या भिंतीचे काय झाले असते ते आम्ही सांगू शकतो.

गेल्या वर्षी कचेरीची डागडुजी झाली तेव्हा मूठ आणि सूर्य यांचे पोपडे निघाले होते. भिंत पुन्हा कोरी केली आहे. या सभागृहात चित्रकलेच्या शाळेतले काही विद्यार्थी आहेत असे चालकांनी सांगितले. त्यांपैकी कोणास ती हवी असेल तर त्याने यावे. मजुरी ठरल्याप्रमाणे मिळेल. काय काढायचे ते आम्ही सांगणार नाही. जुन्या सवयीने प्रश्न विचारू, त्याची उत्तरे मात्र त्याने द्यावीत.